साईचे दूध आणि बिनसाईचे दूध

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या मंडळात तिळगुळापेक्षा वजनाचीच चर्चा अधिक झाली, हे पुष्कळ भगिनींना आठवत असेल. कोणी भात सोडला होता, कोणी साखर, आणि चहा फिरू लागला तेव्हा निम्म्याजणींनी "दूध कोणते आहे?" असे विचारूनच कप हाती घेतला. एकीचे म्हणणे, वजन उतरवायचे तर पिशवीतले पातळ दूधच घ्यावे. दुसरीचे म्हणणे, त्या दुधात काही राम नाही, म्हशीचे घट्ट दूधच अर्धा कप प्यावे. वाद काही मिटला नाही. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी हाच विषय घेतला. कारण या पातळ दुधापायी माझ्या हातून घरात एक चूक घडली आहे, आणि ती घडल्यावरच हे दूध मुळात आले कोठून याचा मी शोध घेऊ लागले.

आमच्या माहेरी दोन म्हशी होत्या. सकाळची धार झाली की दूध गोवऱ्यांच्या मंद विस्तवावर ठेवीत. दुपारपर्यंत ते गुलाबीसर होई आणि वर जाड साय धरी. त्या सायीवर घरात सर्वांचा डोळा असे. थोडी वडिलांच्या व भावांच्या ताटात जाई, थोडी पाहुण्यांसाठी ठेवीत, बाकीची विरजणात. आठवड्यातून दोनदा डेऱ्यात रवी फिरे, लोणी कढे, आणि भांड्याच्या तळाशी राहिलेली बेरी साखर घालून खाण्यासाठी आम्हा भावंडांची झोंबाझोंबी चाले. बायकांच्या वाट्याला काय येई? ताक, आणि साय काढून घेतलेल्या दुधाचा चहा. आज डॉक्टर फी घेऊन जे प्यायला सांगतात, ते आमच्या आया-आज्या कोणी न सांगता पीत आल्या! फरक एवढाच की, त्या दिवसभर शेतात निंदणी करीत, कापूस वेचीत आणि घरी येऊन दळण दळीत. त्यांना उतरवायला वजन होतेच कोठे?

हाताने साय काढली तरी दुधात बराच स्निग्धांश राहतोच. तो जवळजवळ सगळा काढून घेणारे यंत्र स्वीडनमधील गुस्ताफ द लावाल यांनी १८७८ साली तयार केले. रवी घुसळतो तसे नव्हे; यात दूध अतिशय वेगाने गरगर फिरते, जड दूध कडेला जाते आणि हलकी साय मध्यभागी जमते. तिकडे सायीचे लोणी झाले आणि उरलेले निळसर दूध वासरांना व डुकरांना घालू लागले. माणसाने प्यावे असे ते कोणाला वाटेना.

या हलक्या समजल्या गेलेल्या दुधाची बाजू आपल्याकडे ज्यांनी घेतली त्यांत महात्मा गांधी होते. आपल्या जिल्ह्यात ते १९३६ साली फैजपूरच्या काँग्रेसला येऊन गेले. दुधाच्या बाबतीत त्यांची गोष्ट मोठी विलक्षण आहे. त्यांनी १९१२ साली दूध सोडण्याचे व्रत घेतले होते. पुढे १९१८ च्या मोठ्या दुखण्यात शरीर अगदी खंगले, डॉक्टर दूध घ्या म्हणत आणि हे ऐकेनात. तेव्हा कस्तुरबांनीच मार्ग काढला. व्रत घेताना डोळ्यांपुढे गाय-म्हैस होती, मग शेळीच्या दुधाला काय हरकत आहे? अडलेल्या ठिकाणी वाट कोण काढते ते यावरून दिसावे! पुढे १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत असताना त्यांनी आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. 'आरोग्याची किल्ली' म्हणून ते ओळखले जाते. त्यात साय काढलेल्या दुधाविषयी स्वच्छ सांगितले आहे की, दुधाचे मुख्य काम शरीराची झीज भरून काढणे हे आहे, आणि साय काढल्याने त्या कामाचा भाग, म्हणजे प्रथिने, कमी होत नाहीत. कित्येकदा असे दूध साईच्या दुधापेक्षा अधिक उपयोगी पडते, असेही त्यांचे मत होते.

पण आज आपण पिशवीवर 'टोन्ड' हा जो शब्द वाचतो, त्याचा जन्म मुंबईतला आहे. महायुद्धाच्या काळात मुंबईची वस्ती भराभर वाढली. म्हशींचे गोठे भर शहरात, दाटीवाटीच्या वस्तीत. दूध अपुरे आणि महाग. आणि जे मिळे त्यात पाणी किती हे गवळ्यालाच ठाऊक. १९४५ पासून गुजरातमधील आणंदहून चारशे किलोमीटरांहून अधिक दूर मुंबईला दूध येऊ लागले, तरीही ते पुरेना. सरकारी दूधखात्यात दारा नसरवानजी खुरोडी नावाचे पारशी गृहस्थ होते, पुढे ते मुंबईचे मिल्क कमिशनर झाले. त्यांनी एक युक्ती काढली. म्हशीच्या दुधात शेकडा सात इतका स्निग्धांश असतो, गाईच्या दुधात साडेतीन-चार. मग म्हशीच्या दुधात साय काढलेल्या दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून स्निग्धांश शेकडा तीनवर आणला तर? हिशेब करून पाहा. एका लिटरचे जवळजवळ सव्वादोन लिटर दूध होते. नुसते पाणी घातले असते तर ती भेसळ झाली असती. पण भुकटीमुळे प्रथिने आणि चुना, म्हणजे कॅल्शियम, जागच्या जागी राहतात. हे टोन्ड दूध मुंबईत १९४६ साली विकावयास आले, तेही साईच्या दुधापेक्षा स्वस्त.

तेव्हा भगिनींनो, हे दूध सडपातळ होण्यासाठी निघालेच नव्हते! गिरणगावातल्या ज्या आईला पुरेसे दूध परवडत नव्हते, तिच्या मुलाच्या पेल्यात काही पडावे म्हणून ते निघाले. मी हे वाचले तेव्हा थोडा वेळ पुस्तक मिटून बसले.

त्यानंतर शहरातले गोठे हलवून गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली. १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. पहाटे दूधकेंद्रापुढे रांग, हातात कार्ड, पिशवीत रिकाम्या काचेच्या बाटल्या, हे चित्र जुन्या मुंबईकरांना चांगले आठवते. आरंभी भुकटी परदेशातून आणावी लागे, कारण म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही असाच तिकडच्या तज्ज्ञांचा समज होता. आणंदच्या हरिचंद दलाया यांनी तो खोटा ठरविला आणि १९५५ साली तेथे म्हशीच्या दुधाच्या भुकटीचा कारखाना सुरू झाला. १९६३ साली खुरोडी, वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल या तिघांना मिळून मॅगसेसे पारितोषिक मिळाले. १९७० च्या दूध महापूर योजनेची कथा तर सर्वांच्या परिचयाची आहे, ती मी येथे सांगत बसत नाही. त्यातूनच सहकारी दूधसंघ जोमाने वाढले आणि आपल्याकडे जळगाव संघाचे 'विकास' दूध दारात येऊ लागले.

आता पिशवीवरच्या अक्षरांकडे वळू. अन्नसुरक्षा खात्याने ठरवून दिल्याप्रमाणे फुल क्रीम दुधात स्निग्धांश शेकडा सहा हवा, स्टँडर्डाइज्डमध्ये साडेचार, टोन्डमध्ये तीन, डबल टोन्डमध्ये दीड, आणि स्किम्ड म्हणजे अगदी बिनसाईच्या दुधात अर्ध्याहून जास्त नाही. गंमत अशी की, साय वगळून उरणारा जो घन भाग, ज्याला डेअरीवर एस.एन.एफ. म्हणतात, तो फुल क्रीममध्येही शेकडा नऊ आणि डबल टोन्डमध्येही नऊच. फक्त सायीबरोबर अ आणि ड ही जीवनसत्त्वे जातात, म्हणून पातळ दूध घेताना ती वरून घातल्याचे पिशवीवर लिहिले आहे का ते पाहावे. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. अमेरिकेत ज्याला साईचे दूध म्हणतात त्यात स्निग्धांश असतो शेकडा सव्वातीन, म्हणजे आपल्या टोन्ड दुधाएवढाच! साईचे दूध सोडावे की न सोडावे हा तिकडचा वाद वाचून आपण म्हशीच्या दुधाचा निकाल लावू लागलो तर फसलोच.

आता माझी चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी माझे वजन ७८ किलो भरले आणि डॉक्टरांनी साय बंद करायला सांगितले. पहिला महिना मी रतिबाच्या म्हशीच्या दुधाची साय काढून तेच दूध पिऊ लागले. मोठ्या निग्रहाने काढलेली ती साय डब्यात साठत होती. तिचे तूप झाले, आणि रविवारी वरण-बट्टी केली तेव्हा कुस्करलेल्या बट्टीवर मी तीन मोठे चमचे सोडले! साय दुधातून निघाली होती, पण घरातून गेली नव्हती. पुढे मुलाने हिशेब मांडून दाखविला. रोज दोन पेले, म्हणजे ४०० मिलिलिटर दूध फुल क्रीमऐवजी टोन्ड घेतले तर बारा ग्रॅम स्निग्धांश वाचतो. एका मोठ्या चमच्यात तूप असते साधारण पंधरा ग्रॅम. माझ्या एका बट्टीने जवळजवळ चार दिवसांचे पथ्य गिळले होते. आपल्या शेवभाजीवरच्या तर्रीचा हिशेब तर मी त्याला मांडूच दिला नाही.

मग मी चिडून रतीबच बंद केला आणि सबंध घराला डबल टोन्ड दूध सुरू केले. दोन प्रकारची पातेली कोण सांभाळणार? ऐंशीच्या घरातल्या सासूबाई सकाळी एक पेला दूध आणि अर्धी भाकरी घेत, रात्री दुधात कुस्करलेली पोळी. त्यांचे सारे खाणे दुधावरच. आठ-दहा दिवसांनी त्या हळूच म्हणाल्या, "दुधात पानी टाकून राह्यली का वं?" मी हसून म्हटले, "नाही आत्याबाई, आता सगळेच असे पितात." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

तीन महिन्यांनी माझे वजन एक किलो उतरले होते. सासूबाई मात्र ४१ वरून ३८ वर आल्या होत्या. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या आणि मी रोज त्यांच्या हातात पेला देत असूनही ते माझ्या नजरेस आले नव्हते. डॉक्टर म्हणाले, दुखणे काही नाही, पण या वयात वजन उतरणे चांगले नव्हे, यांना दूध कोणते देता? मला उत्तर देववेना. ज्या बाईने सबंध उमेदीत साय पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात वाढली, तिला उतारवयात बसल्या जागी साईचा पेला मिळाला असता, तो मी माझ्या पथ्यासाठी काढून घेतला होता. त्यांनी तक्रार केली नाही, कारण पातळ दूध वाट्याला येणे त्यांना नवीन नव्हतेच.

तेव्हापासून माझ्या बुद्धीला एवढे पटले आहे की, कोणते दूध चांगले हा प्रश्नच अपुरा आहे. कोणासाठी, हे आधी विचारावे. दोन वर्षांखालच्या मुलाला पातळ दूध देऊ नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. मोठ्या मुलांविषयीही घाई नको. कॅनडातील टोरांटोच्या संशोधकांनी २०२० साली २८ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा त्यांपैकी १८ अभ्यासांत साईचे दूध पिणारी मुले उलट कमी लठ्ठ आढळली. आता ती साईमुळेच तशी होती की मुळात काटक मुलांनाच आया साय देत होत्या, हे त्यावरून सिद्ध होत नाही. माझ्यासारख्या बैठ्या, वजनदार बाईने टोन्ड घ्यावे, भूक भागेल एवढे घ्यावे, आणि तुपाच्या चमच्यावर डोळा ठेवावा. ज्या मुली वजनाच्या धास्तीने दूध अजिबात सोडून नुसत्या कोऱ्या चहावर राहतात, त्यांच्या आयांनी मात्र वेळीच सावध व्हावे. माझ्या मते पातळ दूध कितीही पातळ असले तरी कोऱ्या चहापेक्षा बरे.

हल्ली आमच्या ओट्यावर दोन पातेली असतात. छोट्यात रतिबाचे म्हशीचे दूध, मोठ्यात पिशवीचे. सासूबाईंचे वजन पुन्हा चाळीसवर आले आहे. सकाळी मी त्यांच्या पेल्यात साईसकट दूध ओतते आणि समोर बसते. बसावे लागते, कारण मी उठून गेले की त्या चमच्याने साय अलगद काढतात, वाटीत ठेवतात, आणि शाळेला निघालेल्या नातवाला खुणेने बोलावतात.