पाने, फुले आणि प्रकाश
सीमाभागातील देवालयांतील आरास, नैवेद्य व छायाचित्रण यांचा धावता इतिहास

कलबुर्गी शहराचे जुने व रूढ नाव गुलबर्गा. फारसी भाषेत ‘गुल’ म्हणजे फूल व ‘बर्ग’ म्हणजे पान. त्यावरून हे नाव पानाफुलांचे, अशी व्युत्पत्ती लोकांत सांगितली जाते. कन्नड परंपरा त्याच नावात ‘कल्लु’ म्हणजे दगड पाहते. 1 नोव्हेंबर 2014 पासून कलबुर्गी हेच शहराचे अधिकृत नाव झाले. व्युत्पत्तीचा वाद पंडितांकडे सोपविला तरी एक गोष्ट मान्य करावी लागेल. या काळ्या दगडाच्या मुलखाने फुलांवर विलक्षण प्रेम केले. बीदरच्या रंगीन महालात अली बरीदशहाच्या काळी काळ्या पाषाणात शिंपल्याची वेलबुट्टी जडविली गेली. अष्टूर येथील अहमदशहा वलीच्या कबरीच्या घुमटात रंगीत फुलांची नक्षी आहे. बिदरी कारागिराने जस्त-तांब्याच्या काळ्या भांड्यावर चांदीच्या तारेने फुले उमलविली. ही फुले टिकली, कारण ती दगडाची, रंगाची व धातूची होती. देवाच्या गळ्यातील फुले मात्र दुसऱ्या दिवशी निर्माल्य झाली, आणि नैवेद्याचे पान प्रसाद वाटताच मोडले. या क्षणभंगुर कलेचा इतिहास कोठे शोधावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे पहिले उत्तर ग्रंथांत मिळते. भीमा-अमरजेच्या संगमावरील गाणगापूर हे श्रीनृसिंहसरस्वतींचे क्षेत्र. सरस्वती गंगाधरांच्या गुरुचरित्रात अन्न व फुले यांचे दोन प्रसंग भाविकांच्या मनात कायमचे कोरले गेले आहेत. भास्कर नावाच्या गरीब ब्राह्मणाने तिघांपुरता शिधा आणला आणि त्यात चार हजार लोक जेवले, हा पहिला प्रसंग. त्या वेळी श्रीगुरूंनी आपले वस्त्र अन्नावर झाकावयास दिले. दुसरा प्रसंग श्रीशैलगमनाचा. शिष्यांनी फुलांचे आसन सिद्ध केले, त्यावर बसून श्रीगुरू नदीच्या प्रवाहातून गेले आणि प्रसाद म्हणून फुले परत आली. एका कथेत अन्न झाकलेले आहे, दुसरीत फुले वाहून गेलेली आहेत. देवकार्यातील अन्न व फुले पाहण्याची आपली दृष्टी या दोन कथांत सामावलेली आहे.

आजही गाणगापूरच्या निर्गुण पादुकांना पाण्याचा अभिषेक होत नाही. केशर व अष्टगंधाचे लेपन होते. दुपारी भाविक झोळी घेऊन माधुकरी मागतात. हुमनाबादजवळील माणिकनगर येथे श्रीमाणिकप्रभूंच्या (1817–1865) दरबारात अन्नदान व संगीत यांना सारखाच मान होता. सीमाभागातील देवस्थानांत अन्न हा उपासनेचा गाभा होता, हे यावरून दिसून येते.

नैवेद्याच्या पानाची मांडणी हे तर एक शास्त्रच होय. भूमीवर पाण्याने चौकोनी मंडल काढून त्यावर पान ठेवावयाचे. चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, मध्यभागी भाताची मूद, त्यावर वरण आणि तुळशीचे पान. जेवणाऱ्याच्या पानात मिठाचे स्थान पहिले. परंतु अनेक घरांत नैवेद्याच्या पानावर मीठ वेगळे वाढत नाहीत. बीदर-कलबुर्गीकडे या पानावर पुरणाची होळिगे व गव्हाची हुग्गी येते. मार्गशीर्षातील वेळ अमावस्येला, म्हणजे कन्नड भाषिकांच्या एळ्ळ अमावस्येला, हीच मांडणी देवळातून शेतात जाते. कडब्याची कोपी, आत पाच पांडवांचे प्रतीक म्हणून मांडलेले पाच दगड आणि पुढे आंबील, भज्जी, उंडे व खीर. लातूर-धाराशिवच्या मराठी घरांत आणि बीदर-कलबुर्गीच्या कन्नड घरांत हा दिवस एकाच पद्धतीने साजरा होतो. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याची विभागणी झाली; जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले, तर बीदर, भालकी, औराद व हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. नकाशावर रेघ ओढली गेली. पानावरील मांडणी मात्र दुभंगली नाही.

प्रश्नाचे दुसरे उत्तर छायाचित्रणाने दिले. 1839 साली ही कला जगापुढे आली, तेव्हा एका चित्रासाठी दीर्घ काळ प्रकाश द्यावा लागे. माणूस हलतो, पान-फूल हलत नाही. म्हणून इंग्लंडच्या टॉलबटने प्रथमपासून पाने-फुले संवेदनशील कागदावर ठेवून त्यांच्या आकृती घेतल्या. 1844 ते 1846 या काळात निघालेल्या त्याच्या चित्रग्रंथातील शेवटचे चित्र टोपल्यांत मांडलेल्या फळांचे आहे. 1860 साली रॉजर फेंटनने फळाफुलांच्या मांडणीची चित्रे घेतली. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. 1871 साली मुंबई व मद्रासकडून आलेले लोहमार्ग रायचूर येथे जुळले, गुलबर्गा त्या मार्गावर आले आणि बाहेरच्या कलांना या भागाचे दार उघडले. 1880 च्या दशकात लाला दीनदयाळ हैदराबादला आले व सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्यांच्या भिंगाने वाडे, दरबार व शिकारी टिपल्या. 1914 साली निजामांच्या राज्यात पुराणवस्तू खाते निघाले आणि गुलाम याझदानी यांनी 1947 साली बीदरच्या वास्तूंवरील सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. दगडातील फुलांची नोंद अशा रीतीने झाली. गाभाऱ्यातील ताज्या फुलांच्या वाट्याला असा आश्रय आला नाही.

यास कारणेही होती. नैवेद्य दाखविताना पडदा ओढावयाचा, देवाआधी अन्नावर कोणाची दृष्टी पडू द्यावयाची नाही, हा अनेक देवालयांचा नेम. गाभाऱ्यात उजेड समईचा. मॅग्नेशियमची पूड पेटविली की क्षणभर लख्ख प्रकाश पडे, पण धूरही कोंदे. शिवाय त्या काळच्या छायाचित्राचा कागद अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्या भागाने माखलेला असे. पुढे काचेवर जिलेटिन आले, तेही हाडा-कातड्यांपासून काढलेले. 1907 साली ल्युमिएर बंधूंनी बाजारात आणलेल्या रंगीत काचेत रंगविलेल्या बटाट्याच्या पिठाचे कण होते. अन्नाचे चित्र काढणारी सामग्रीच अशी अन्नातून व प्राण्यांतून जन्मली होती!

जुने चित्र पाहणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवली पाहिजे. आरंभीच्या काचा निळ्या प्रकाशालाच विशेष संवेदनशील होत्या. त्यामुळे पिवळी शेवंती, केशरी झेंडू व लाल कुंकू चित्रात काळवंडत, तर निळी गोकर्ण फिकट दिसे. 1873 पासून ही उणीव हळूहळू दूर होत गेली. म्हणून एखाद्या जुन्या चित्रात देवाच्या गळ्यात काळसर हार दिसला, तर तो सुकलेला किंवा अशुभ होता असे समजू नये. तो कदाचित उत्सवातील सर्वांत झळाळता पिवळा हार असेल. प्रकाशाने पाहिलेले व डोळ्याने पाहिलेले यांत हे अंतर असते. ते भरून काढावयास चित्राच्या मागे लिहिलेली एक ओळ पुरते.

दुर्दैवाने ती ओळच बहुधा नसते. उत्सवमूर्तीचे चित्र भिंतीवर असते; परंतु उत्सव कोणत्या साली झाला, फुले कोणत्या मळ्यातून आली, हार कोणी गुंफला, नैवेद्य कोणत्या माउलीने रांधला, हे कोणी लिहून ठेवीत नाही. कन्नड मुलखात देवाला फुले व पत्री पुरविणाऱ्या हूगार घराण्यांची, मराठी देवळांतील गुरव-माळ्यांची, सोवळ्यात पहाटेपासून चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांची कला चित्रात आली, नावे मात्र आली नाहीत. ज्यांनी द्रव्य दिले त्यांची नावे शिलालेखांत व वहीत राहिली. ज्यांनी हात दिले ते विस्मृतीत गेले.

आज प्रत्येक हाती छायाचित्र घेण्याचे यंत्र आहे आणि आरास पुरी होण्यापूर्वीच तिची चित्रे सर्वत्र पोहोचतात. नोंदीची अडचण सरली, पण मर्यादेचा प्रश्न उभा राहिला. देवाला दाखविण्याआधी नैवेद्य जगाला दाखवावा काय? परंपरेचे उत्तर स्पष्ट आहे. पडदा सरकल्यानंतर, प्रसाद झालेल्या पानाचे चित्र अवश्य घ्यावे. त्याआधीचा क्षण देवाचा आहे. भास्कराचे अन्न झाकलेले असतानाच चार हजारांना पुरले, हे विसरता कामा नये.

महाजन घराण्यांच्या पेट्यांत, देव्हाऱ्यांच्या मागे, जुन्या वह्यांच्या पानांत अशी पिवळी पडलेली चित्रे असण्याचा संभव आहे. ती ओलीपासून व उन्हापासून जपावी. घरातील वृद्ध मंडळी आहेत तोवर त्यांना विचारून साल, तिथी, उत्सव आणि विशेषतः हार गुंफणाऱ्याचे व नैवेद्य रांधणारीचे नाव मऊ शिसपेन्सिलीने चित्रामागे हलक्या हाताने लिहावे. देवाच्या पायी वाहिलेले फूल निर्माल्य होणारच. तो त्याचा धर्म आहे. परंतु ते वाहणाऱ्या हाताचे स्मरण निर्माल्याबरोबर वाहून जाऊ न देणे हे मागे राहिलेल्यांचे कर्तव्य होय.