आर्चबिशप, ससे आणि गोल्फचा माळ

ब्रिटनमधील कित्येक चर्चच्या मंडळ्यांत गोल्फ खेळणाऱ्यांचा एक लहानसा संघ असतो. वर्षातून एक-दोनदा जवळच्या मैदानावर सलोख्याची स्पर्धा होते. पाळकसाहेब, गायनवृंदातील एखादे वृद्ध गृहस्थ, दुकानदार, शिक्षक असे नानाविध लोक एकत्र खेळतात. त्यांच्या कौशल्यात फार अंतर असते, म्हणून दुबळ्या खेळाडूला सवलतीचे फटके मिळतात; त्यास ‘हँडिकॅप’ म्हणतात. जे मैदान ७२ फटक्यांत पुरे व्हावे, त्याला एखाद्यास सहसा ९० लागत असतील, तर सुमारे १८ फटके त्याच्या हिशेबातून वजा होतात. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांची गुणपद्धतीही अशा स्पर्धांत आवडीची आहे. १९३२ साली वॉलसी येथे ती रूढ झाली. तीत एखाद्या खळीवर कितीही फटके वाया गेले, तरी त्या खळीचे शून्य गुण मिळतात इतकेच. मागची कमाई बुडत नाही. आमच्या शाळाखात्याने इतके औदार्य कधी दाखविल्याचे ऐकिवात नाही!

आज इतका निरागस वाटणारा हा दिवस ज्या परंपरेतून आला, ती मात्र भांडणांनी भरलेली आहे. आणि त्या भांडणांचे मोठे क्षेत्र म्हणजे स्कॉटलंडचे सेंट अँड्र्यूज हे समुद्रकाठचे नगर.

प्रथम विरोध झाला तो राज्यसत्तेकडून. १४५७ साली राजा दुसरा जेम्स याच्या पार्लमेंटने फुटबॉल आणि गोल्फ यांना बंदी केली. तरुणांनी धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूमागे धावावे, हे इंग्लंडशी वैर असलेल्या देशास परवडणारे नव्हते. बंदी पुन्हा पुन्हा फर्मावावी लागली, यावरून ती कितपत पाळली गेली हे उघडच आहे.

सेंट अँड्र्यूज ही त्या काळी स्कॉटलंडची धर्मनगरी. वाळूच्या टेकड्या आणि शेती यांमधला गवताळ माळ ही नगराची सामाईक जमीन. आपल्याकडील गायरानासारखी म्हणा. तेथील आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना या माळावर ससे पाळावयाचे होते. सशाचे मांस आणि कातडी यांना चांगला भाव होता. नगराने परवानगी दिली. मात्र १५५२ साली आर्चबिशपांनी लेखी मान्य केले की, या माळावर गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी आदी खेळ खेळण्याचा नागरिकांचा हक्क अबाधित राहील. गोल्फच्या इतिहासात या कागदाचे मोल फार मोठे आहे. हा हक्क कोणा उमरावाचा नव्हता; तो साऱ्या नगराचा होता.

हॅमिल्टन हे आम्हां कॅथलिकांचे धर्माधिकारी, म्हणून त्यांची केवळ स्तुती करावी असे मला वाटत नाही. त्यांच्याच कारकिर्दीत, १५५८ साली, वॉल्टर मिल नावाच्या वयोवृद्ध धर्मसुधारकास याच नगरात जिवंत जाळण्यात आले. दोनच वर्षांनी धर्मक्रांती झाली आणि १५७१ साली स्टर्लिंग येथे खुद्द आर्चबिशप फासावर गेले. सशांसाठी केलेला करार मात्र त्यांच्यामागे उरला.

नव्या धर्मव्यवस्थेने खेळाला नव्हे, खेळाच्या वेळेला हरकत घेतली. १५९२ साली एडिंबरोच्या नगरसभेने रविवारी गोल्फ खेळण्यास मनाई केली. सेंट अँड्र्यूजच्या चर्चमंडळाला तर १५९९ साली आपल्याच सभासदांसाठी नियम करावा लागला : पहिल्या अपराधास १० शिलिंग दंड, दुसऱ्यास २०, तिसऱ्यास सर्वांसमक्ष पश्चात्ताप, आणि चौथ्या वेळी पदावरून दूर. न्याय करणारेच माळावर सापडत असतील, तर इतरांची काय कथा! १६१८ साली राजा सहावा जेम्स, जो तोवर इंग्लंडचाही राजा झाला होता, त्याने इंग्लंडात जाहीर केले की, रविवारची उपासना आटोपल्यावर निर्दोष खेळ खेळण्यास हरकत नाही. उपासना चुकविणाऱ्यास मात्र ती सवलत नव्हती. मला हा निवाडा शहाणपणाचा वाटतो. परंतु कर्मठांना तो मुळीच रुचला नाही.

माळावरचे खरे संकट पुढे आले. अठराव्या शतकाच्या अखेरीस नगर कर्जात बुडाले आणि माळ विकला गेला. गोल्फचा हक्क राखून ठेवलेला होता, परंतु जमीन सशांचा व्यापार करणाऱ्या डेम्प्स्टर मंडळींच्या हाती आली. सशांनी जागोजाग बिळे केली. खेळाडूंचा संताप अनावर झाला, हातघाईचे प्रसंग आले, खटले वर्षानुवर्षे चालले. शेवटी १८२१ साली जेम्स चीप या गोल्फवेड्या जमीनदाराने माळ विकत घेतला आणि सशांचे राज्य संपले. पुढे १८९४ च्या कायद्याने ही जमीन पुन्हा नगराची झाली, आणि १९७४ पासून तिची व्यवस्था कायद्याने स्थापिलेल्या विश्वस्त मंडळाकडे आहे.

माळ सर्वांचा असला, तरी चेंडू सर्वांचा नव्हता. चामड्यात पिसे ठासून भरलेला चेंडू महाग पडे. कसबी कारागीरही दिवसाकाठी तीन-चारच करू शके. १८४८ च्या सुमारास गटापर्चा या मलायातील झाडाच्या चिकाचा स्वस्त चेंडू आला. त्याचे श्रेय सेंट अँड्र्यूजच्या रॉबर्ट पॅटरसन या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यास देतात. आख्यायिका अशी की, पूर्वेकडून आलेल्या विष्णुमूर्तीभोवती हा चीक बांधणीसाठी भरलेला होता! कथा खरी असो वा नसो, स्वस्त चेंडूमुळे साध्या माणसाला हा खेळ परवडू लागला, हे निश्चित. चर्चच्या संघातील दुकानदार आणि शिक्षक पाळकांच्या बरोबरीने खेळू शकतात, त्यात या चेंडूचाही वाटा आहे.

सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर, मोठ्या स्पर्धांचे अपवाद वगळता, आजही रविवारी गोल्फ खेळत नाहीत. मैदानाची निगा राखणारे ओल्ड टॉम मॉरिस म्हणत असत की, तुम्हांला विश्रांती नको असली तरी मैदानाला ती हवी, असे सांगतात. त्या दिवशी नगरातली माणसे मुलाबाळांसह, कुत्र्यांना घेऊन त्या हिरवळीवरून मनसोक्त फिरतात.