छापील पानावरची चाल

जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडलं की प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात एक ओळ दिसते. तिच्यात राग असतो, ताल असतो आणि ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द असतात. पद पूर्ण छापलेलं, सुराचा मात्र फक्त पत्ता दिलेला. ते दुसरं गाणं ज्याला येतं त्यालाच हे पद म्हणता येतं; इतरांच्या दृष्टीने पान मुकंच राहतं. मराठी छापखान्यात संगीतकाराच्या कामाला मिळालेली जागा बराच काळ एवढीच होती. पुढे सूर स्वतः पानावर कसा उतरला याचा शोध घेताना नकाशावरचं बोट पुन्हा पुन्हा एकाच पट्ट्यावर येतं.

हा पट्टा हुपरीच्या भोवतीचा. चांदीच्या पैंजणांसाठी देशभर ठाऊक असलेल्या या गावाच्या एका अंगाला पंचगंगा वाहते, दुसऱ्या अंगाला दूधगंगा. पंचगंगेच्या काठाने वर कोल्हापूरकडे गेलं की सांगवडे, खाली आलं की इचलकरंजी, आणि नदी कृष्णेला मिळते तिथे नरसोबाची वाडी आणि पलीकडे कुरुंदवाड. गोविंदराव टेंबे सांगवड्याचे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीच्या दरबारचे गवई. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. अल्लादिया खाँ कोल्हापूरच्या दरबारी होते आणि सुधीर फडके कोल्हापुरात जन्मले. गाणं छापावं की छापू नये, छापलं तर त्यातलं काय छापावं, या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं या मुलखातल्या माणसांनी आपापल्या आयुष्यातून दिली आहेत.

सुरुवात रंगभूमीपासून करावी लागते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आलं आणि नाटकातली पदं घराघरांत गेली. त्या पदांना बांधलेल्या चाली कीर्तनातल्या, लावणीच्या, साक्या-दिंड्यांच्या, कानडी मुलखातल्या. ऐकणाऱ्यांच्या त्या ओठांवरच होत्या, म्हणून पुस्तकात नुसता पत्ता देऊन भागत असे. अडचण पुढे आली. १२ मार्च १९११ रोजी खाडिलकरांचं ‘मानापमान’ रंगभूमीवर आलं. त्याच्या चाली टेंब्यांच्या. उत्तरेकडची ठुमरी, दादरा, कजरी यांचे ढंग त्यांनी मराठी पदांत आणले. पुस्तकात आता मूळ हिंदुस्थानी चिजेचा मुखडा ‘चाल’ म्हणून छापला जाऊ लागला. सांगली-साताऱ्याच्या वाचकाने ती चीज कधी ऐकलेलीच नसे. शिवाय मूळ चिजेपासून मराठी पदापर्यंतच्या वाटेत टेंब्यांनी जे केलं, जिथे स्वर लांबवला, जिथे लय मोडून घेतली, त्याचा त्या ओळीत मागमूस नव्हता. नाटककाराचं नाव मुखपृष्ठावर, आणि संगीतकार त्या बारीक ओळीमागे. आपल्या चालींमागचा विचार टेंब्यांना अखेर स्वतःच गद्यात लिहावा लागला. ‘माझा संगीत व्यासंग’ हे पुस्तक आज अभ्यासकाला फार मोलाचं वाटतं, याचं एक कारण हेच.

टेंब्यांच्या आधीच कुरुंदवाडच्या एका मुलाने हा प्रश्न दुसऱ्या टोकाने हाती घेतला होता. १८ ऑगस्ट १८७२ रोजी कीर्तनकाराच्या घरी जन्मलेल्या विष्णूच्या डोळ्यांना लहानपणी फटाक्याने इजा झाली. शिक्षण खुंटलं. उपचारासाठी त्याला मिरजेला नेलं आणि तिथल्या संस्थानिकांच्या आश्रयाने बाळकृष्णबुवांकडे त्याची तालीम सुरू झाली. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बुवा स्वतः छापील अक्षराला परके नव्हते. मुंबईत असताना त्यांनी ‘संगीतदर्पण’ नावाचं मासिक काढलं होतं. पण शिकवणं गुरुमुखातूनच. गुरूने म्हणायचं, शिष्याने उचलायचं, वर्षानुवर्षं.

१८९६ मध्ये पलुस्कर मिरजेबाहेर पडले आणि हिंडत हिंडत पंजाबात पोहोचले. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. राजाश्रयावर न विसंबता लोकांच्या पैशावर चालणारी, कोणाच्याही मुलाला दार उघडं ठेवणारी ही शाळा होती. तिथे इयत्ता होत्या, अभ्यासक्रम होता, परीक्षा होत्या. वर्गात बसलेल्या पंचवीस मुलांना दरबारी शिष्यासारखं एकेक करून घडवता येत नाही. मुलाला घरी जाऊन धडा पुन्हा पाहता यायला हवा. पुस्तकाची गरज अशी शाळेतूनच निर्माण झाली.

सूर लिहिण्याचा प्रयत्न करणारे पलुस्कर पहिले नव्हेत. बडोद्यात मौलाबक्षांनी आपल्या गायनशाळेसाठी स्वरलेखन वापरलं होतं आणि पुस्तकंही छापली होती. पलुस्करांनी मात्र त्या कामाचा अक्षरशः उद्योग उभारला. ‘संगीत बालप्रकाश’चे तीन भाग, रागांची ओळख करून देणारी ‘रागप्रवेश’ मालिका, भजनांचे संग्रह, ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक आणि हे सगळं छापायला स्वतःचा छापखाना. देवनागरीच्या नेहमीच्या खिळ्यांत सुरांच्या खुणा नसतात. अर्धी मात्रा, पाव मात्रा, त्याहून लहान तुकडा, प्रत्येकासाठी स्वराखाली वेगळं चिन्ह बसवायचं, वर सप्तकाची खूण, शेजारी कोमल-तीव्राची. एका ओळीच्या गाण्यासाठी जुळाऱ्याला तीन-चार थर सांभाळावे लागत. अशा पानाचं एक मुद्रित तपासणं हेसुद्धा केवढं काम, हे छपाईशी संबंध आलेल्या कोणालाही कळेल.

या पुस्तकांनी चिजा जतन केल्या, तशा बदलल्याही. शृंगाराचे शब्द घरंदाज मुलामुलींच्या तोंडी शोभणार नाहीत म्हणून पलुस्करांनी अनेक बंदिशींना भक्तिपर शब्द घातले. स्वरांचा सांगाडा तोच, मजकूर नवा. संपादकाने मूळ पाठाला हात लावावा का, हा वाद रास्त आहे आणि अभ्यासकाने ते छापील शब्द जुने समजून चालू नये. पण या बदलामुळेच गाण्याचं पुस्तक मध्यमवर्गीय घराच्या फळीवर, पोथीच्या शेजारी येऊन बसलं. त्या काळात मुलीला गाणं शिकवायचं तर असं पुस्तक घरात येणं ही फार मोठी गोष्ट होती, आणि तिचं श्रेय मी पलुस्करांना मनापासून देतो.

याच सुमारास मुंबईत वकिली सोडून संगीताला वाहून घेतलेले विष्णु नारायण भातखंडे घराण्याघराण्यांतून चिजा गोळा करत होते. त्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति क्रमिक पुस्तक मालिका’ मुळात मराठीत निघाली. तिचे एकूण सहा भाग झाले; भातखंडे १९३६ मध्ये गेले आणि शेवटचे भाग त्यांच्यामागून प्रसिद्ध झाले. या मालिकेत त्यांनी स्वतः रचलेली लक्षणगीतंही ‘चतुर’ या मुद्रेने आहेत. त्यांची लिपी पलुस्करांहून सोपी, आणि दोन्ही शेजारी ठेवल्या तर शिकणारा बुचकळ्यात पडावा अशी. पलुस्करांच्या पानावर स्वराच्या डोक्यावर टिंब असेल तर तो मंद्र सप्तकातला, भातखंड्यांच्या पानावर तोच तार सप्तकातला. समेला पलुस्कर १ हा आकडा लिहितात, भातखंडे फुली. साधेपणामुळे भातखंड्यांची पद्धत जास्त पसरली. पलुस्करांची शाळांच्या परंपरेत टिकून राहिली.

कोल्हापुरात मात्र याच काळात नेमकी उलट भूमिका ठामपणे उभी होती. शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांनी आपल्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका होऊ दिली नाही. त्यांची विद्या भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशा शिष्यांच्या गळ्यातूनच पुढे आली. यामागे नुसता राखून ठेवण्याचा हट्ट पाहणं अन्यायाचं होईल. त्यांच्या जयपूर घराण्याची लयीशी गुंफलेली स्वरावली कागदावर टिपली तर साचा हाती येतो, पण चांदीच्या दागिन्याप्रमाणे त्यावरची नक्षी कारागिराच्या हातानेच उमटते. पलुस्करांची पुस्तकं आणि खाँसाहेबांचं मौन, दोहोंतही गाण्याविषयीची तळमळ सारखीच होती. एकाला गाणं कोणापर्यंत पोहोचत नाही याची काळजी, दुसऱ्याला ते पोहोचताना काय गळून पडेल याची.

पलुस्करांवर कर्जाचा डोंगर झाला आणि त्यांनी पुढे मुंबईत काढलेल्या विद्यालयाची इमारत हातची गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं. पुस्तकांची परंपरा मात्र शिष्यांनी पुढे नेली. विनायकराव पटवर्धनांनी ‘रागविज्ञान’चे सात भाग काढले, बी. आर. देवधरांनी ‘रागबोध’ लिहिलं, नारायण मोरेश्वर खरे यांनी साबरमतीच्या आश्रमासाठी ‘आश्रम भजनावलि’ सिद्ध केली. पलुस्कर गेले त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं आणि पुढे त्याचं ‘संगीत कला विहार’ हे मासिक सुरू झालं.

एवढं होऊनही सुगम संगीत पुन्हा जुन्याच ठिकाणी परतलं. १ एप्रिल १९५५ रोजी रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून गदिमांचं ‘गीतरामायण’ सुरू झालं. सुधीर फडक्यांनी वर्षभरात ५६ गीतांना चाली दिल्या. दर आठवड्याला नवं गीत प्रसारित झालं की पुण्याची वर्तमानपत्रं त्याचे शब्द छापत. १९५७ मध्ये सरकारच्या प्रकाशन विभागाने पुस्तक काढलं आणि घरोघरी ते रामायणासारखं वाचलं गेलं. पुस्तकात शब्द होते. चाल रेडिओने कानांत इतकी पक्की बसवली होती की ती छापण्याची गरज कोणाला जाणवली नाही. किर्लोस्करांच्या प्रेक्षकाला कीर्तनाची चाल जशी पाठ होती, तशीच या श्रोत्यांना फडक्यांची. ती कानावर पडलेली पिढी सरल्यावर काय, हा प्रश्न तेव्हा पडण्याचं कारण नव्हतं. आज तो पडायला हवा.

ध्वनिमुद्रणं आहेत म्हणून छापील सुराची गरज संपली, असं मला वाटत नाही. ध्वनिमुद्रण एका दिवशीचं, एका गळ्याचं गाणं देतं. नीट छापलेलं स्वरलेखन रचनेचा आराखडा देतं, आणि त्यावरून दुसरा गळा आपलं गाणं उभं करू शकतो. म्हणून आपल्या हाताशी आहे तेवढं तरी करूया. गावच्या गणेशोत्सवात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये गाण्यांची पत्रिका छापली जाते. तिच्यात कवीबरोबर संगीतकाराचं नाव, राग आणि ताल यांची ओळ आवर्जून घालावी. घरात आजोबांच्या पेटीजवळ स्वरलेखनाचं पिवळं पडलेलं पुस्तक असेल तर ते रद्दीत देऊ नये, गावच्या वाचनालयात नेऊन द्यावं. कुरुंदवाडच्या एका माणसाने स्वतःचा छापखाना काढून ती पानं छापली, कारण ज्याला गुरू मिळाला नाही त्यालाही गाणं मिळावं असं त्याला वाटत होतं. असे लोक आजही गावोगावी आहेत, आणि त्यांच्यासाठी ती पानं अजून कामाची आहेत.