उसण की मुतखडा?

वडगाव निंबाळकरच्या पट्ट्यात, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरच्या उसात काम करणाऱ्या माणसाच्या कमरेत एकाएकी कळ आली, की ‘उसण भरली’ असे म्हणून मोकळे होतात. मुतखड्याचे नाव मागाहून निघते. हे अज्ञान आहे असे मला वाटत नाही. ‘मुतखडा’ हा शब्द ज्या दुखण्यासाठी रुळला, ते दुखणेच वेगळ्या जागी होते.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातला तिसरा अध्याय अश्मरीचा. बेंबी, ओटीपोट आणि शिवण येथे वेदना, मध्येच अडणारी किंवा फाटणारी धार, रक्तमिश्रित व रेतीयुक्त लघवी, धावताना, उडी मारताना वाढणारे दुखणे, ही त्याने दिलेली लक्षणे. पूर्वलक्षणांत लघवीला बोकडासारखा वास. कळ असह्य झालेला रोगी दात खातो, बेंबी दाबून धरतो. असे तपशील रोग्याशेजारी बसल्यावाचून सुचत नाहीत. हा रोग लहान मुलांना अधिक होतो, हेही त्याने नोंदवले आहे. हे सारे वर्णन मूत्राशयातल्या खड्याचे. पाठीकडून कुशीत उतरणारी कळ त्यात मुख्य लक्षण म्हणून येत नाही.

एकोणिसाव्या शतकातही चित्र फारसे पालटले नव्हते. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ची चित्रे काढणारा हेन्री व्हॅनडाइक कार्टर १८५८ मध्ये मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवू लागला. तिथल्या संग्रहालयातल्या मुतखड्यांचा त्याने अभ्यास केला. खड्यांच्या सूक्ष्म रचनेवरचे त्याचे पुस्तक १८७३ चे. मधली काही वर्षे तो साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता, म्हणजे आमच्या नीरेच्या पलतीराला. त्या काळी शस्त्रक्रियेने काढलेले खडे बहुतेक मूत्राशयातलेच असत.

पुढे आहार सुधारला तसा मुलांच्या मूत्राशयातला खडा मागे पडला आणि मोठ्या माणसांच्या मूत्रपिंडातला पुढे आला. उन्हातले काम, बेताचे पाणी आणि घामावाटे जाणारे पाणी यांनी लघवी दाट होते आणि क्षार धरतात. नाव मात्र जुनेच राहिले. म्हणून धार नीट असली की माणूस मुतखड्याची शंकाच घेत नाही.

उसण भरलेला माणूस हलायला भितो, एका कुशीवर निपचित पडून राहतो. मूत्रनलिकेत खडा अडकलेल्याला कोणत्याच कुशीवर चैन पडत नाही. तो उठतो, येरझाऱ्या घालतो, ओकतो. कळ बरगडीखालून निघून जांघेत उतरते आणि लाटांसारखी येते-जाते. खडा मूत्राशयाजवळ आला की लघवीची घाई होते. रक्त असते, पण कित्येकदा डोळ्यांना दिसत नाही. या कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, किंवा लघवीच बंद झाली, तर मात्र हुलग्याच्या कढणाची वा सराट्याच्या काढ्याची वाट पाहू नये. अडलेल्या मूत्रपिंडात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

सुश्रुताच्या रोग्याची धार मोकळी झाली, की खडा वाटेतून सरकला हे कळे. तोच हिशेब आपण आज कळेला लावतो: दुखायचे थांबले, म्हणजे खडा पडला. लहान खडे पुष्कळदा पडतातही. पण खडा तिथेच अडून राहतो, मूत्रपिंड फुगत जाते आणि दुखणे तेवढे थांबते, असेही घडते. ते ओळखायला कळ गेल्यानंतरची सोनोग्राफी लागते, आणि नेमकी तीच बहुतेक जण टाळतात.