आधी धिरा, मग घण

कर्जतजवळच्या कोंदिवड्याहून राजमाचीच्या दिशेने चढू लागलं, की कोंढाण्याची लेणी लागतात. सुमारे २००० वर्षांपूर्वीची. चैत्यगृहात शिरताना छातीत धस्स होतं. पुष्कळसे खांब खालून तुटून गेले आहेत. काहींचे वरचे तुकडे तेवढे छताला लोंबताहेत. छत मात्र जागच्या जागी!

याचं कारण, ते छत खांबांवर कुणी ठेवलेलंच नव्हतं. कारागिरांनी अखंड कातळ वरून खाली कोरत आणला. आधी छत मोकळं झालं, खांब नंतर. भार वाहिला तो डोंगराने. खांब ही लाकडी इमारतींची आठवण. हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केलं, असा लेख तिथे कोरलेला आहे.

हे पाहिलेल्या माझ्यासारख्या कवीला वाटलं, आपल्या खालापूरच्या घरातली मधली भिंत काढली तर काय बिघडणार आहे? पुस्तकांना जागा हवी होती. मिस्त्रीचाचा आले, भिंतीवर थाप मारली, मान वर करून तुळया पाहिल्या.

"शायरसाहेब, वर कोण झोपतं?"

"अम्मी."

"मग घण राहू द्या. आधी धिरा."

माडीच्या तुळयांची टोकं दोन्ही बाजूंनी त्याच भिंतीवर टेकली होती. म्हणून धिरेही दोन्ही बाजूंना. अम्मीला शेजारी पाठवलं. जमिनीवर जाड फळी टाकली, म्हणजे भार पसरतो आणि धिरा खचत नाही. वर तुळयांना आडवा वासा, त्याखाली उभे धिरे, तळाशी पाचर. पाचर ठोकायची ती धिरा घट्ट बसेपर्यंतच; जास्त ठोकली तर माडीच उचलली जाते. मग भिंत वरून थोडी थोडी उतरवली. लोखंडी गर्डर चढवला, त्याची टोकं भक्कम खांबांवर टेकवली, गर्डर आणि तुळया यांमधल्या फटी ठासून भरल्या. भार नव्या आधारावर आल्यावरच धिरे सैल केले, तेही हळूहळू.

स्लॅबच्या इमारतीत तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय हातच लावू नये. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमध्ये एक इमारत कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावरच्या फेरबदलात आधाराच्या खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. खाली एकाचं घर असतं, पण त्याची भिंत वरच्या सगळ्यांची असते.

आपल्या घरांना डोंगराची पाठ नाही. इथे कुणीतरी भार घेतलेला असतो. तो दुसऱ्याच्या खांद्यावर दिल्याशिवाय पहिल्याला हलवता येत नाही.

बलकाचं नाव दगडावर राहिलं. धिरे देणाऱ्याचं राहत नाही. काम झालं की धिरे दुसऱ्या घरी जातात. अम्मी मात्र त्या रात्री वर निवांत झोपली.