समासातले विज्ञान : ‘घोस्ट इन द शेल’ आधी पडद्यावर, मग पानांवर

आधी पुस्तक वाचायचे आणि मग त्यावरचा चित्रपट पाहायचा, हा आपला नेहमीचा क्रम. तो उलटा झाला की एक वेगळाच लाभ होतो. चित्रपटाने काय काय गाळले, ते एकेक करून दिसू लागते. ‘घोस्ट इन द शेल’ या जपानी कथेच्या बाबतीत आमचा क्रम असा उलटा होता. मामोरू ओशी यांचा १९९५ सालचा चित्रपट आम्हाला फार आवडला. तो जिच्यावर बेतलेला आहे ती मासामुने शिरो यांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, आम्ही नंतर वाचली. दोन्हींत कथा जवळपास तीच, पात्रेही तीच. पण विज्ञानाशी वागण्याची रीत मात्र दोघांची निराळी, आणि शिक्षकांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

प्रथम काळ लक्षात घेऊ. यंत्रांनी व्यापलेले भविष्य आणि त्यातला विस्कटलेला समाज रंगवणाऱ्या विज्ञानकथांना ‘सायबरपंक’ म्हणतात. विल्यम गिब्सन यांची १९८४ सालची ‘न्यूरोमान्सर’ ही या प्रकारातली गाजलेली कादंबरी. नोव्हेंबर १९८८ मध्ये ‘मॉरिस वर्म’ नावाचा स्वतःच्या प्रती काढत पसरणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर सुटला आणि हजारो संगणक अडले. मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी ‘वेब’चा पहिला प्रस्ताव मांडला. त्याच वर्षी शिरो यांची मांगा एका नियतकालिकातून क्रमशः येऊ लागली. १९९१ मध्ये तिचे पुस्तक झाले. म्हणजे सगळे जग व्यापणारे संगणकांचे जाळे शिरो यांनी रंगवले, तेव्हा सामान्य वाचकाने तसे काही पाहिलेलेच नव्हते. चित्रपट १८ नोव्हेंबर १९९५ रोजी जपानमध्ये आला, तोवर हे जाळे घराघरात शिरू लागले होते. आपल्याकडे विदेश संचार निगमची सार्वजनिक इंटरनेट सेवा त्याच वर्षी १५ ऑगस्टला सुरू झाली. मांगाला हे जाळे समजावून सांगावे लागले. चित्रपटाला ती गरज तितकी उरली नव्हती.

कथा २०२९ सालातली. मेजर मोतोको कुसानागी ही एका गुप्त पोलीस पथकाची प्रमुख. तिचे सारे शरीर कृत्रिम, स्वतःचा काय तो मेंदू, आणि तोही थेट जाळ्याला जोडलेला. लोकांच्या मेंदूत जाळ्यातून शिरून त्यांना कळसूत्री बाहुल्यांसारखे नाचवणाऱ्या एका अज्ञात सूत्रधाराचा ती माग काढते. अखेर कळते, की हा सूत्रधार माणूस नसून एक प्रोग्रॅम आहे, आणि आपण सजीव आहोत असा त्याचा दावा आहे.

आता दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहू. चित्रपटाच्या आरंभी, नामावलीबरोबर, एक कृत्रिम शरीर तयार होताना दिसते. कोणी काही बोलत नाही. केंजी कावाई यांचे प्राचीन जपानी भाषेतले, लग्नगीताच्या वळणाचे समूहगान तेवढे चालू असते. एखादा विधी पाहावा तसे आपण पाहत राहतो. मांगात या निर्मितीला एक प्रकरणच दिले आहे आणि तिथे सतत स्पष्टीकरण चालू असते. कारखाना दाखवायला नेलेल्या पाहुण्याला सांगावे तसे शरीर कसे जुळवतात ते सांगितले जाते. शिवाय पानांच्या समासात लेखकाच्या बारीक अक्षरांतल्या टिपा आहेत : कधी यंत्राच्या रचनेवर, कधी मेंदूवर, कधी राजकारणावर, कधी नुसतेच स्वतःचे मत. मांगात विनोदही भरपूर. कोळ्यासारखे दिसणारे ‘फुचिकोमा’ नावाचे यंत्रमानव, माणसांविरुद्ध बंड करावे की काय, याची आपसात चर्चा करतात. चित्रपटात फुचिकोमाही नाहीत आणि टिपाही नाहीत.

दुसरा प्रसंग कचरागाडीवरच्या कामगाराचा. आपल्याला बायको आहे, मुलगी आहे, असे तो मनापासून मानतो. चौकशीत उघड होते, की या आठवणी कोणीतरी त्याच्या मेंदूत घातलेल्या आहेत. तो एकटाच राहतो. चित्रपटात हा माणूस हातातल्या छायाचित्राकडे पाहत राहतो, तो क्षण विसरता येत नाही. प्रश्न मनात रुततो : आठवणीच खोट्या असतील, तर ‘मी’ कोण?

हा प्रश्न नुसत्या कल्पनेतला नाही. चित्रपटाच्याच वर्षी, १९९५ मध्ये, मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. २४ जणांना त्यांच्या बालपणातल्या तीन खऱ्या घटना आणि एक रचलेली घटना सांगण्यात आली : लहानपणी तुम्ही बाजारसंकुलात हरवला होतात. सुमारे चतुर्थांश लोकांना ती न घडलेली घटना पूर्ण वा अंशतः ‘आठवली’. या निष्कर्षाचा अर्थ कितपत ताणावा यावर पुढे वाद झाले. पण एवढे खरे, की आठवण म्हणजे जपून ठेवलेले छायाचित्र नव्हे, आणि तिच्यात भर घालायला मेंदूत तार खुपसावी लागत नाही.

तारेची गोष्ट मात्र अजून दूरची आहे. २००४ मध्ये अमेरिकेत एका पक्षाघात झालेल्या रुग्णाच्या मेंदूत ९६ विद्युत्-अग्रे असलेली चकती बसवण्यात आली, आणि नुसत्या विचाराने तो संगणकाच्या पडद्यावरचा बाण हलवू लागला. पुढे अग्रांची संख्या वाढली. पण मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्यांपैकी मूठभर पेशींचे संकेत वाचणे वेगळे आणि एक अख्खा संसार आठवणीत लिहून ठेवणे वेगळे.

नावाचाही एक इतिहास आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी १९४९ मध्ये ‘यंत्रातले भूत’ हा शब्दप्रयोग केला, तो देकार्तच्या मताची टर उडवण्यासाठी : शरीर हे यंत्र आणि आत मन नावाचे भूत, ही कल्पनाच चूक, असे त्यांचे म्हणणे. १९६७ मध्ये आर्थर कोस्लर यांनी तोच शब्दप्रयोग आपल्या पुस्तकाच्या नावासाठी घेतला, आणि शिरो यांनी इंग्रजी नाव तिथून उचलले. थट्टेसाठी जन्मलेला शब्द या कथेत माणसाची अखेरची ओळख होऊन बसला. सारे शरीर बदलले तरी जे उरते, ते ‘भूत’.

चित्रपट श्रेष्ठ की मांगा, हा वाद आम्हाला फारसा उपयोगाचा वाटत नाही. चित्रपट गप्प राहतो म्हणून प्रश्न खोल जातो. मांगा बडबड करते म्हणून तिच्याशी भांडता येते. लेखकाने आपली गृहीते समासात मांडून ठेवलेली असतात आणि ती तपासण्याचा हक्क वाचकाला मिळतो. वर्गात दोन्हींची गरज असते. नुसते कुतूहल जागे करून थांबलो, तर विद्यार्थी भारावतो आणि घरी जातो. नुसत्या टिपा दिल्या, तर प्रश्न पडण्याआधीच उत्तर हाती येते.

मांगा प्रौढ वाचकांसाठी आहे, तेव्हा ती जशीच्या तशी वर्गात नेता येणार नाही. पण तिची रीत नेता येईल. कोणतीही विज्ञानकथा वाचताना विद्यार्थ्यांना समासात तीनच खुणा करायला सांगाव्यात : हे ठाऊक आहे, हे शक्य आहे, हे कल्पित आहे. दहा वर्षांनी तीच वही पुन्हा उघडली, तर काही खुणा बदलाव्या लागतील. विज्ञानाचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी अशा बदललेल्या खुणांचाच इतिहास होय.