कंटेनरची मेमरी नेमकी जाते कुठे? ‘आभासी सीपीयू क्रमांक’ म्हणजे काय?

अर्ज भरायची शेवटची रात्र. पुसद किंवा वणीत बसून तुम्ही मोबाइलवर ‘सबमिट’ दाबता, चक्र फिरत राहतं आणि पान काही उघडत नाही. ‘सर्व्हर डाउन’ म्हणून आपण मोकळे होतो. पण अशा वेळी अख्खं मशीन बंद पडलेलं असतंच असं नाही. कधी कधी त्यातला एक छोटा डबा मेमरीची मर्यादा ओलांडतो आणि लिनक्स त्याला तिथल्या तिथे मारून टाकतं. या डब्याला कंटेनर म्हणतात.

तुमचा अर्ज यवतमाळहून निघून बहुधा मुंबई-पुण्याकडच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये पोहोचतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात, ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रं सुरू केली. तिथल्या एका मोठ्या मशीनवर १२८ किंवा त्याहून जास्त सीपीयू असू शकतात. एवढं मशीन एका कामाला देणं परवडत नाही, म्हणून त्यावर अनेक कंटेनर बसवतात आणि प्रत्येकाला हिस्सा ठरवून देतात. उदाहरणार्थ, ४ सीपीयूंएवढा वेळ आणि ५१२ एमबी मेमरी.

घोळ इथेच आहे. ‘४ सीपीयूंएवढा वेळ’ याचा अर्थ ‘हे चार सीपीयू तुझे’ असा नाही. कोटा फक्त वेळेचा असतो. काम मात्र १२८ पैकी कुठल्याही सीपीयूवर चालू शकतं. आत्ता ७ वर, क्षणभराने ९३ वर.

आता आपल्याकडची लग्नाची पंगत आठवा. मंगल कार्यालयात १२८ पाट मांडले आहेत, पण एका वेळी जेवणारे चारच. हे चौघे दर पाच मिनिटांनी जागा बदलतात आणि वाढपी ‘ज्या पाटावर माणूस, तिथे ताट’ या नियमाने वाढत सुटतो. तासाभरात १२८ ताटं भरतात. वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी, सगळं वाढलेलं आणि बहुतेक तसंच पडलेलं. जेवणारे चारच, स्वयंपाक मात्र अख्ख्या गावाचा.

मेमरी वाटप करणारे प्रोग्रॅम, उदाहरणार्थ गूगलचा टीसीमॅलॉक, असंच करतात. एकाच साठ्यातून सगळ्यांनी मेमरी घ्यायची तर रांग लागते, कुलूप लावावं लागतं. म्हणून प्रत्येक सीपीयूसाठी हाताशी एक छोटा साठा ठेवला जातो. त्याने वेग वाढतो. पण काम दुसऱ्या सीपीयूवर गेलं की मागचा साठा तिथेच अडकून पडतो. समजा एक साठा १ एमबीचा. १२८ सीपीयूंवर फिरून झालं की १२८ एमबी गेले, म्हणजे ५१२ एमबीच्या डब्याचा चौथा हिस्सा. असे २० कंटेनर असतील, तर एका मशीनवर सुमारे अडीच जीबी.

उपाय ऐकायला अगदी घरगुती आहे: ताट पाटावर ठेवू नका, टोकनवर ठेवा. चौघांना ०, १, २, ३ अशी टोकनं द्या. कुठेही बसा, ताट टोकनाबरोबर येईल. लिनक्सचं कर्नल नेमकं हेच करतं. एखाद्या प्रोसेसचे जेवढे थ्रेड खरोखर एकाच वेळी धावत आहेत, त्यांना ० पासून सुरू होणारे लहानात लहान मोकळे क्रमांक दिले जातात. एका प्रोसेसच्या दोन धावत्या थ्रेडकडे एकाच क्षणी एकच क्रमांक कधीही नसतो. म्हणून कुलूप न लावताही साठा सुरक्षित राहतो. वरच्या उदाहरणात चारच थ्रेड असतील, तर १२८ एमबीचं काम ४ एमबीत होतं.

हा क्रमांक कर्नल थेट प्रोग्रॅमच्या मेमरीत लिहून ठेवतं, त्यामुळे तो विचारायला जावं लागत नाही, नुसता वाचायचा. या सोयीचं नाव ‘रीस्टार्टेबल सिक्वेन्सेस’. थ्रेड साठ्यातून काही घेत असताना मध्येच थांबवला गेला, तर ते छोटं काम पुन्हा पहिल्यापासून केलं जातं. ही सोय २०१८ मध्ये लिनक्स ४.१८ मध्ये आली. आभासी क्रमांकाची भर मॅथ्यू देनोयेर या कॅनडातल्या अभियंत्याने घातली आणि ती एप्रिल २०२३ मध्ये लिनक्स ६.३ बरोबर आली. सुरुवातीचं नाव ‘व्हीसीपीयू आयडी’ होतं. पण क्लाउडवाले ‘४ व्हीसीपीयू’ म्हणून जे विकतात ते वेगळं. शेवटी ‘एमएम-सीआयडी’ हे नाव ठरलं. यातलं सीआयडी म्हणजे ‘कन्करन्सी आयडी’. मालिकेशी संबंध नाही.

पहिला प्रयत्न निर्दोष नव्हता. क्रमांक वाटण्यासाठीच दरवेळी कुलूप लागत होतं आणि खूप सीपीयूंच्या मशीनवर डेटाबेसच्या चाचणीत वेग घसरला. पुढच्या ६.४ आवृत्तीत ही वाटपाची पद्धत बदलावी लागली.

ही जादूही नाही. कोटा ४ सीपीयूंचा असला, पण प्रोग्रॅमने २०० थ्रेड उभे केले, तर त्यातले शंभराहून अधिक थ्रेड काही क्षण एकदम धावू शकतात आणि तेवढ्या वेळात क्रमांक शंभरच्या पुढे जातात. चार जणांच्या पंगतीला दोनशे पाहुणे आले की टोकनं तरी काय करणार! थ्रेड कमी ठेवणं हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्याच हातात आहे.

शिवाय नुसतं कर्नल नवं असून भागत नाही. मेमरी वाटणाऱ्या प्रोग्रॅमने हा क्रमांक वापरायला हवा. टीसीमॅलॉकमध्ये ती सोय आहे. लिनक्सवर सर्रास असणाऱ्या जीलिबसीचं वाटप मात्र वेगळ्या पद्धतीने चालतं. ते ६४ बिट मशीनवर कोरच्या आठपट ‘अरीना’, म्हणजे मेमरीचे वेगवेगळे साठे, उघडू शकतं. वेळेचा कोटा ते बघत नाही. म्हणून कंटेनर चालवणारे अनेक जण ‘मॅलॉक अरीना मॅक्स’ ही सेटिंग २ वर आणतात. तुमच्या कार्यालयाची साइट छोट्या कंटेनरवर असेल आणि मेमरी विनाकारण फुगत असेल, तर ती सांभाळणाऱ्याला आधी हीच सेटिंग बघायला सांगा. कर्नल बदलण्यापेक्षा ते कितीतरी सोपं आहे.